कर्ज मारुतीच्या देवळात

“कर्ज मारुतीच्या देवळात ठेव,” सगुणाताई म्हणाल्या.

मी कीबोर्डवरचे हात उचलले. पडद्यावर दोन रकाने होते. वरच्यात एक शब्द लिहायचा आणि तो शब्द टाइप केला की कुठलं पान उघडायचं, ते खालच्यात भरायचं. एवढंच काम होतं, पण सकाळपासून आमची त्यावरून हुज्जत चालली होती.

“देवळात का?” मी विचारलं.

“सगळे तिथंच तर हात जोडून उभे असतात. आणि आमचा मारुती कसा, कुणाला नाही म्हणत नाही, पण लगेच हो पण म्हणत नाही.”

मला हसू आलं. इंग्रजी अक्षरांत ‘मारुती’ लिहून मी खाली कर्जखात्याच्या पानाचा पत्ता चिकटवला. त्यांनी हात पुढे केला, कीबोर्डवर बोटं फिरवून जागा घेतली, दोन कळा एकदम दाबल्या, शब्द टाइप केला आणि एंटर मारला. कर्जखातं उघडलं. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा संगणकातला आवाज त्याच्या परदेशी उच्चारात काहीतरी बरळला.

“गोरा साहेब देवळात शिरला बघ चपला घालून,” त्या म्हणाल्या.

तेव्हा मी करमाळ्याच्या एका सहकारी बँकेत कंत्राटावर होते. कर्मचाऱ्यांना संगणक शिकवायचा, हे माझं काम. शिकणारे बहुतेक माझ्या वडिलांच्या वयाचे होते. संगणक शिकायची त्यांना बिलकूल हौस नव्हती आणि मीही त्यांच्यावर रुसूनच होते. सगुणाताई बोराटे तेवढ्या वेगळ्या. त्या बँकेच्या टेलिफोन ऑपरेटर. नवव्या वर्षी देवी आल्या आणि जाताना दोन्ही डोळे घेऊन गेल्या. पुढे पुण्याच्या अंधशाळेत शिकल्या, टायपिंग केलं, टेलिफोनचा बोर्ड शिकल्या आणि या बँकेत आल्या त्या आल्याच. तालुक्यात असं घर नसेल, जिथं त्यांचं “नमस्कार, बोला” कुणी ऐकलं नव्हतं. लोक म्हणायचे, मॅनेजर बदलले तरी कळत नाही, पण ताई रजेवर असल्या तर बँक बंद असल्यासारखी वाटते.

त्या वर्षी तो बोर्डच मोडीत निघाला. प्रत्येक टेबलाला स्वतःचा फोन आला आणि ग्राहकांच्या चौकशीसाठी एकच जागा ठरली. तिथं बसणाऱ्यानं फोन घ्यायचा आणि बोलता बोलता संगणकावर बघून उत्तर द्यायचं. प्रशासनाचं काम बघणारे पाटसकर साहेब मोठे सज्जन गृहस्थ. सज्जन असल्यामुळेच त्यांना ताईंशी बोलताना घाम फुटला होता. ते म्हणाले, “ताई, महिनाभर बघू. जमलं तर खुर्ची तुमचीच. नाही जमलं तरी काळजी नको, पगार चालू राहील. दप्तरखान्याशेजारी बसायची सोय करतो.”

साहेब गेल्यावर ताई माझ्याकडे वळल्या. मग मला म्हणाल्या, “पगार चालू, माणूस बंद. ऐकलंस ना?”

मी ऐकलं होतं. म्हणूनच मी कंबर कसली.

पहिली अडचण माउसची. पडद्यावर बाण कुठं आहे हे ज्याला दिसत नाही, त्याच्या हाती माउस देऊन काय उपयोग? मी लाँचर नावाचा एक लहानसा प्रोग्रॅम शोधून काढला. दोन कळा दाबल्या की पडद्याच्या मधोमध एक अरुंद पट्टी उघडते. तिच्यात आपण ठरवलेला शब्द टाइप करायचा की हवं ते पान समोर हजर. शोधाशोध नाही, बाण नाही. मला वाटलं, जग जिंकलं. मी मोठ्या हुशारीनं आखूड शब्द ठरवले. कर्जाला ‘केआर’, ठेवींना ‘टीएच’, व्याजदरांना ‘व्हीडी’. ताईंनी ते मुकाट पाठ केले. सकाळी पाठ व्हायचे आणि जेवणाच्या सुट्टीनंतर उडून जायचे. चार दिवसांनी त्यांनी ठेवींच्या जागी व्याजदर उघडले, तक्रारींच्या जागी कर्ज उघडलं, आणि हात मांडीवर घेतले.

“ही अक्षरं नुसती हवेत लोंबकळतात,” त्या म्हणाल्या. “पाय कुठं टेकायचा?”

त्याच दुपारी जुना बोर्ड न्यायला माणसं आली. ताईंनी त्यांना जरा थांबवलं, लाकडी कडेवरून हात फिरवला आणि भोकं बोटांनी चाचपली. मी उगाच काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, की एवढे सगळे नंबर इतकी वर्षं लक्षात कसे ठेवलेत?

“लक्षात कुठं ठेवते? मी जाते.”

“कुठं?”

“शेवरीला.”

शेवरी हे त्यांचं गाव, भीमेच्या काठचं. धरण झालं तेव्हा पाण्याखाली गेलं. वरच्या माळावर सरकारनं नवी शेवरी वसवली, पण ताई सांगत होत्या ती जुनी. डोळे होते तोवर त्यांनी ती पाहिली होती आणि डोळे गेल्यावर पायांनी पाठ केली होती. बोर्डावरचा एकेक नंबर त्यांनी एकेका घरात नेऊन ठेवला होता. कुणी कर्जखातं मागितलं की त्या वेशीतून आत शिरायच्या, चावडी ओलांडायच्या, मारुतीच्या देवळापाशी जायच्या आणि तिथं नंबर असायचाच. इकडे फोनवरच्या माणसाला वाटायचं, बाईंनी क्षणात जोडून दिला.

“हे कधी कुणाला सांगितलं नाहीत?”

“कुणाला सांगू? म्हणतील, आधी आंधळी होती, आता येडी पण झाली.”

तर अशा रीतीनं कर्ज मारुतीच्या देवळात गेलं. माझे आखूड शब्द मी पुसून टाकले आणि आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. ताई सांगायच्या आणि मी शब्द भरायची. ईमेल पारावर ठेवलं, कारण गावात येणारी प्रत्येक बातमी आधी लिंबाखाली पारावर टेकायची आणि मग घरोघर जायची. तक्रारी लोहाराकडे, कारण तिथं दिवसभर ठणाणा. व्याजदर तेल्याच्या घाण्यात. “गोल गोल फिरायचं आणि बैल तिथल्या तिथं,” त्या म्हणाल्या. शाखांचे नंबर नदीच्या घाटावर, कारण तिथूनच नाव पलीकडच्या गावांना सुटायची. आणि ज्याचं एटीएम कार्ड हरवलं त्याच्यासाठी कार्ड बंद करायचं पान होतं, ते आडात. गावातली कुठलीही वस्तू सापडेनाशी झाली की आधी आडात गळ टाकून बघायची रीत होती.

लाँचरला एक खोड होती. तुम्ही जे जास्त उघडाल ते तो आपणहून वर आणून ठेवी. ताईंनी ‘घा’ एवढंच टाइप केलं की तो घाटाऐवजी घाणा पुढे करायचा. त्या चिडल्या.

“घरं रात्रीतून जागा बदलतात व्हय? त्याला सांग, माझं गाव हलवायचं नाही.”

मी त्याची ती अंदाज बांधायची सवय बंद करून टाकली. तेव्हापासून गाव जागच्या जागी राहिलं.

ते दिवस आठवले की अजूनही एक गुंगी येते. बाहेर नुसतं ऊन. त्या वर्षी पाऊस झालाच नव्हता. बँकेसमोरच्या रस्त्यावर टँकर पाणी सांडत जायचे आणि ते पाणी वाळायच्या आत धूळ त्यावर बसायची. आत मात्र आम्ही दोघी काठोकाठ भरलेल्या नदीच्या गावात असायचो. ताई सांगताना आवाज खाली आणायच्या. लोहाराच्या भात्याची ऊब डाव्या गालाला लागली की वळायचं. तेल्याच्या दाराशी पेंडीचा वास. मग बोळ अरुंद होतो, दोन्ही बाजूंना काळ्या दगडाच्या भिंती, आणि टाळी वाजवली की भिंत उत्तर देते. उजवीकडची लवकर देते, डावीकडची जरा विचार करून. मी शिक्षिका म्हणून बसलेली असायची, पण खरं सांगायचं तर मी ऐकायलाच यायची. घरी बार्शीला गेले तरी झोप लागण्याआधी मी त्या बोळातून एक फेरी मारून यायची. तिथं ऊन नव्हतं. तिथं नेहमी संध्याकाळची वेळ असायची, का ते मला सांगता येणार नाही.

बोळ जिथं संपतो तिथं ताई दर वेळी थांबायच्या.

“पुढं काय आहे?” मी एकदा विचारलं.

“पुढं आमचं घर.”

“मग तिथं काय ठेवायचं? ठेवींचं पान अजून राहिलंय.”

“ठेवी तालमीत ठेव. घरात काही ठेवायचं नाही.” त्यांचा आवाज असा काही बदलला, की मी पुढे विचारलं नाही.

महिना संपत आला तेव्हा ताईंची बोटं माझ्याहून जलद चालायला लागली होती. फोन खांद्याशी धरायच्या, समोरच्या माणसाची विचारपूस करता करता दोन कळा दाबायच्या आणि त्याचं वाक्य संपायच्या आत पान उघडायच्या. पाटसकर साहेब पुढच्या गुरुवारी स्वतः बसून बघणार होते. मी अगदी निश्चिंत होते.

मग शुक्रवारी ताईंच्या पुतण्याचा, अंकुशचा फोन आला. पाणी इतकं खाली गेलं होतं, की जुनी शेवरी उघडी पडली होती. एरवी फार तर देवळाचा कळस दिसायचा. यंदा अख्खं गाव बाहेर आलं होतं आणि लोक भाकरी बांधून बघायला जात होते. “आत्या, तुला न्यायला येऊ का?” त्यानं विचारलं. ताईंनी हो म्हटलं आणि मलाही बरोबर यायला सांगितलं. “तू तर आता तिथलीच झालीस,” त्या म्हणाल्या.

रविवारी सकाळी अंकुशच्या जीपमधून आम्ही निघालो. रस्ता संपला आणि जीप धरणाच्या पोटात उतरली. तडकलेला गाळ, त्यात शिंपल्यांचे पांढरे तुकडे, मासळीचा वाळका वास. लांब उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांची एक गुलाबी रेघ होती, ती हलत होती की मलाच हलल्यासारखी वाटत होती, कळेना. ताईंनी लुगड्याचा काष्टा नीट केला, चपला जीपमध्ये ठेवल्या आणि माझं कोपर धरलं.

वेशीचा एक खांब उभा होता. त्यांनी त्यावर हात ठेवला, वर नेला, खाली आणला. त्यांचा चेहरा असा उजळला, की अंकुशनं तोंड फिरवून डोळे पुसले. “हाच,” त्या म्हणाल्या. “हा बघ, इथं खाच. बैलगाडीच्या चाकाची धाव लागून पडलेली.”

त्या वेशीतून आत शिरल्या आणि त्यांनी टाळी वाजवली.

काहीच आलं नाही. त्यांनी पुन्हा वाजवली. मला दिसत होतं ते असं. भिंती नव्हत्याच. दगडांचे ढीग होते, मधे मधे घरांची जोती, देवळाचं शिखर, आणि सगळीकडे गाळाची सपाट चादर. टाळी उघड्यावर जात होती आणि परत येत नव्हती. ताई चार पावलं चालल्या, पाय पुढे टाकून जमीन चाचपली.

“इथं पायरी होती.”

“गाळाखाली गेली असेल, आत्या,” अंकुश म्हणाला.

त्या आणखी थोडं चालल्या. डावीकडे वळल्या, थांबल्या, उजवीकडे वळल्या. माझ्या कोपरावरची त्यांची पकड घट्ट झाली. आजूबाजूला नव्या शेवरीच्या म्हाताऱ्या आपापल्या जोत्यांवर हळदकुंकू वाहत होत्या. कुणी नातवंडांना दाखवत होतं, इथं आपली चूल होती. ताई भर उन्हात मधोमध उभ्या राहिल्या. त्यांचं घर तिथून फार तर हाकेच्या अंतरावर असेल, पण ते कुठल्या बाजूला, हे त्यांना सांगता येईना. अंकुशचा जन्मच माळावरचा, त्यालाही येईना.

“वैजू,” त्या हळूच म्हणाल्या, “आवाज कुठं गेला गं सगळा?”

सोमवारी त्या कामावर आल्या, खुर्चीत बसल्या, दोन कळा दाबल्या. पट्टी उघडली. बोटं कळांवर तशीच राहिली. मला वाटलं, थकल्या असतील. “ताई, व्याजदर काढा बरं,” मी म्हटलं.

“कुठं ठेवलेत?”

“तेल्याच्या घाण्यात.”

“घाणा कुठाय?” त्यांनी विचारलं. संगणकात घाणा होता, शब्द टाइप केला की पान उघडत होतं. पण ताईंच्या मनातून तो गेला होता. दिवसभरात त्यांना ना पार सापडला, ना लोहार. मी शब्द सांगितला की तेवढ्यापुरता टाइप करायच्या आणि पुढच्या फोनला पुन्हा रिकाम्या बसायच्या. मंगळवारीही तेच. संध्याकाळी त्या म्हणाल्या, “सगळं भुईसपाट झालंय. आत शिरले की नुसता गाळ. पाटसकरांना सांग, दप्तरखान्याशेजारी पंखा आहे का बघा म्हणावं.”

मला त्यांचा राग आला. त्याहून जास्त भीती वाटली. एवढं मोठं गाव एका माणसाच्या डोक्यात होतं, आणि तेही आता बुडालं होतं, आणि ते बुडताना मी त्यांच्या शेजारी उभी होते. वाटलं, जायलाच नको होतं. पण त्यांना त्यांच्या गावाला जाऊ नका असं कोण सांगणार होतं?

बुधवारी दुपारी मी त्यांना वरच्या मजल्यावर नेलं. सभागृहाच्या मागे एक लांबलचक व्हरांडा होता. उन्हाच्या वेळी तिथं चिटपाखरू नसायचं. एका टोकाला पाण्याचा माठ, दुसऱ्या टोकाला बंद खिडकी, मधे गुळगुळीत फरशी.

“इथं कशाला आणलंस?”

“तुम्हाला घेऊन जायचंय शेवरीला.”

“बघून आलो की शेवरी.”

“ती आत्ताची. मला ती कुठं ठाऊक होती? मला तुम्ही सांगितलेली तेवढीच माहीत. ताई, माझी एक भिंत पडलेली नाही. चला.”

त्यांनी माझं कोपर धरलं. मी डोळे मिटले. नाहीतर ती फरशी आणि तो माठ दिसत राहिला असता.

“ही वेस,” मी म्हटलं. “खांबावर खाच आहे, बैलगाडीची. आत आलो. समोर चावडी, तिच्या कडेकडेनं जायचं. हा मारुती. दारात सगळे हात जोडून उभे आहेत, आपण मागनंच नमस्कार करू. आता पुढे पार. लिंबोळ्या पडल्यात, पायाला टोचतात.”

मी सांगत गेले. आधी मला माझाच आवाज खोटा वाटत होता, शाळेतल्या भाषणासारखा. मग हळूहळू ऊन मागे पडलं. संध्याकाळची ती वेळ आली, जी मला माहीत होती. घाटाकडून ओला वारा आला. मी शपथेवर सांगते, तो आला. माझ्या कोपरावरचा हात अजून निर्जीवच होता.

“पारावरून वळायचं,” मी म्हटलं. “उजव्या हाताला लोहार.”

“डाव्या,” सगुणाताई म्हणाल्या.

मी मुद्दाम चुकले नव्हते. मी खरंच चुकले होते.

“डाव्या हाताला,” त्या पुन्हा म्हणाल्या. “डाव्या गालाला ऊब लागते ती कशाची मग? किती वेळा सांगितलंय तुला.”

“बरं, डाव्या. पुढे तेली.”

“लगेच कुठं तेली? आधी कासारांचा ओटा. कासारीण बसली असंल, तिला ओळख दे, नाहीतर गावभर करेल. आता तेली.” त्यांची पावलं माझ्या पुढे पडायला लागली होती. “आता बोळ. जरा जपून. तिथं पायरी आहे.”

मी पाय उचलला. खाली सपाट फरशी होती, रोज शिपाई पुसायचा ती. पण माझा पाय उंचावर टेकला आणि तोलही गेला नाही. त्यांनी टाळी वाजवली. व्हरांड्याच्या भिंतीवरून ती परत आली. आधी उजवीकडून, मग डावीकडून.

आम्ही बोळाच्या टोकाला पोचलो. “इथून पुढं मला ठाऊक नाही,” मी म्हटलं.

“तुला सांगितलंच नाही.” त्या थांबल्या. मग त्यांनी माझं कोपर सोडलं आणि मनगट धरलं, लहान पोरीचं धरावं तसं. “गाव उठलं तेव्हा मी पुण्याला बोर्डिंगात होते. दिवाळीच्या सुट्टीत दादा न्यायला आले ते थेट माळावर घेऊन गेले. पत्र्याची खोली. म्हणाले, हेच आता घर. मी टाळी वाजवली तर पत्रा नुसता खणखणला. सगळ्यांनी आपापल्या उंबऱ्याला पाणी घातलं, नारळ फोडला, रडून घेतलं. मला कुणी बोलावलंच नाही. म्हणाले, तिला काय दिसणार आहे. म्हणून मी कधी निघालेच नाही तिथून, वैजू. आई तिथंच आहे माझी, चुलीपुढं. घरात बँकेचं काही ठेवलं असतं तर दिवसभर लोकांनी ये-जा केली असती.”

त्या रडल्या. मीही रडले. त्या बंद खिडकीपाशी आम्ही दोघी उभ्या होतो आणि खालून कुणीतरी शिपायाला चहासाठी हाका मारत होतं. मग त्यांनी पदरानं तोंड पुसलं.

“चल,” त्या म्हणाल्या. “आलीच आहेस तर घर बघून जा.”

त्यांनी मला घर दाखवलं. उंबरा, ओसरी, कणगी, मागच्या दारी तुळस, चुलीशेजारचा तो दगड जो हिवाळ्यात दिवसभर ऊब धरतो. त्यातलं मी इथं सगळं सांगणार नाही. ते त्यांचं घर आहे.

गुरुवारी पाटसकर साहेब खुर्ची ओढून शेजारी बसले. चाचणीसाठी साहेबांनी ठरवून ठेवलेले फोन आले, ताईंनी घेतले. व्याजदर, शाखेचा नंबर, कर्जाचा हप्ता. साहेब माना डोलावत होते. मधेच एक न ठरवलेला, खऱ्या ग्राहकाचा फोन आला. कुणी बाई बसस्टँडवरून बोलत होत्या, पर्स गेली होती, कार्ड त्यातच, आणि त्यांना हुंदक्यांमुळे बोलता येत नव्हतं. मी साहेबांकडे बघितलं. ताईंचा हात केव्हाच कळांवर गेला होता.

“रडू नका बाई, आधी नाव सांगा,” त्या म्हणत होत्या, आणि मला त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यावरून कळत होतं, की त्या बोळातून आडाकडे भरभर चालल्या आहेत. पान उघडलं. नाव, खातं, खात्री, कार्ड बंद. “झालं. आता कुणाला एक पैसा काढता येणार नाही. पाणी प्या थोडं.”

साहेब उठले. त्यांनी घसा साफ केला. “ही खुर्ची तुम्हाला जरा खाली पडते, ताई,” ते म्हणाले. “उंच करून घ्या. रोज बसायचंय.”

संध्याकाळी सगळे निघाल्यावर ताईंनी मला थांबवलं. म्हणाल्या, अजून एक शब्द घालायचा राहिलाय. मी दोन रकाने उघडले.

“वर लिही ‘घर’.”

लिहिलं. “आणि खाली?”

“संगणक बंद करायचं ते घाल. तिन्हीसांजेला माणसानं घरी जावं. त्याला दुसरं काम नको.”

मी तसं केलं. त्यांनी दोन कळा दाबल्या, शब्द टाइप केला आणि एंटरवर बोट ठेवून जरा वेळ थांबल्या. मग दाबलं. गोऱ्या साहेबाचा आवाज मधेच तुटला. पंख्याची घरघर हळू होत होत थांबली. खोली एकदम शांत झाली.

“पोचले,” सगुणाताई म्हणाल्या.

आता त्या निवृत्त होऊन नव्या शेवरीत भावाकडे असतात. कधी फोन केला की विचारतात, कर्ज अजून मारुतीतच ठेवतेस का? ठेवते. मी पुण्यात नोकरी करते, माझ्या घराच्या कर्जाचं पान त्याच शब्दानं उघडतं, आणि माझं टपाल अजून पारावरच येतं. ऑफिसातली मुलं हसतात. मी त्यांना काही सांगत नाही. काम संपलं की मी ‘घर’ टाइप करते, पडदा काळा होतो, आणि खुर्चीतून उठून निघताना पहिलं पाऊल जरा उचलूनच टाकते. तिथं पायरी आहे.